चार बोटं जागा

“ही डिकी खोटं बोलतेय,” गच्चकाका म्हणाले, आणि कमरेवर हात ठेवून मुलीच्या नव्या गाडीकडे असे बघत राहिले, की गाडीनेच ओशाळून खाली बघावं.

“खोटं कसलं, बाबा? हायब्रीड आहे ती. थोडी पेट्रोलवर, थोडी बॅटरीवर. ती एवढी मोठी बॅटरी ठेवायची कुठे? मागच्या सीटखाली आणि डिकीच्या तळाशी. म्हणून तळ वर आलाय.”

“म्हणजे बाहेरून तीन वीत आणि आतून दोन. आमच्याकडे असा ट्रक आला असता, तर मुकादमाने ड्रायव्हरची चांगली हजेरी घेतली असती.”

“मावेल का पण सगळं?”

काका पुढे झाले. त्यांनी वाकून डिकीत हात घातला आणि वितीने रुंदी मोजली, मग लांबी, मग कोपरे. मागची सीट आडवी पाडायला लावून पुन्हा मोजलं. घरापुढच्या फरशीवर एकोणीस नग मांडून ठेवले होते. डोळे तपासायचं मोठं यंत्र दोन पेट्यांत, त्याचं घडीचं टेबल, भिंगांची पेटी, चष्म्यांचे सहा ट्रे, अक्षरांच्या तक्त्याचा दिव्याचा डबा, स्टँड, चाकांचं स्टूल, औषधांची थंड पेटी, वह्यांचे चार गठ्ठे आणि खोली अंधारी करायला लागणाऱ्या काळ्या पडद्यांची माणसाएवढी गुंडाळी.

मुलगी डोळ्यांच्या ज्या दवाखान्यात काम करायची, तिथली व्हॅन परवाच बंद पडली होती. लांबच्या एका शाळेत दोनशे दहा मुलांचे डोळे तपासायचे होते आणि ते शिबिर पहिल्यांदाच तिच्या एकटीच्या भरवशावर सोपवलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की सगळं सामान एका खेपेत जात असेल तर जा, नाहीतर शिबिर पुढच्या वर्षी. आता पुढच्या वर्षापर्यंत ती पोरं फळ्याकडे डोळे बारीक करून बघत बसणार, हा विचार तिला झोपू देत नव्हता.

“मावेल,” काका शेवटी म्हणाले. “पण आधी जमिनीवर.”

आधी जमिनीवर, मग गाडीत, ही त्यांची चौतीस वर्षांची रीत. घरसामान हलवणाऱ्या एका कंपनीत ते माल लावायचे. लोक सरसकट हमाल म्हणायचे, त्याचा त्यांना राग नव्हता, पण फरक ते समजावून सांगायचे. हमाल उचलतो, लावणारा बसवतो. कुणाचं कपाट, कुणाचा आरसा, कुणाचा पाळणा, सगळं ट्रकच्या पोटात असं बसवायचं की खड्ड्यातूनही हूं की चूं होऊ नये. शेवटचा नग बसला की ते तळव्याने दाबून बघत. हलला नाही की “गच्च!” म्हणत, दार लावत आणि दारावर दोन थापा मारत. थापा ऐकल्या की ड्रायव्हर निघायचा. त्या एका शब्दावरून त्यांचं खरं नाव कंपनीत कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. पुढेपुढे बायकोही विसरली असावी, असं ते म्हणत.

फक्त एक गोष्ट राहून गेली होती. माल लावणारा मालाबरोबर जात नसे. केबिनमध्ये जागा ड्रायव्हरला आणि उतरवणाऱ्यांना. लावणाऱ्यासाठी मागे दुसरा ट्रक उभाच असायचा. त्यामुळे चौतीस वर्षांत आपण लावलेला माल उतरताना कसा दिसतो, हे काकांनी एकदाही पाहिलं नव्हतं. शेकडो मुलींची पाठवणी करावी आणि एकीलाही नांदताना बघू नये, तसं ते होतं.

उद्या ते बघणार होते. मुलगीच म्हणाली होती, की बाबा, तुम्हीही चला, माझं कामही बघाल. तेव्हापासून काकांनी ही बातमी इतक्या जणांना सांगितली होती, की समोरच्या इस्त्रीवाल्याने त्यांचा शर्ट न विचारताच सगळ्यांच्या आधी करून दिला.

खडू घेऊन त्यांनी फरशीवर गाडी आखली. डिकी, आडवी पाडलेली सीट, तिच्यापुढची पाय ठेवायची खोलगट जागा आणि पुढच्या दोन सीटचे दोन चौकोन. एकात लिहिलं ‘ही’, दुसऱ्यात लिहिलं ‘मी’.

“स्वतःला केवढा ऐसपैस चौकोन काढलाय बघा!” दारातून त्यांची बायको म्हणाली. “सामान अंग चोरून बसणार आणि हे पाय पसरून.”

“चौतीस वर्षं उभा होतो. एक दिवस बसू दे.”

मग आखलेल्या गाडीत नग बसायला लागले. काकांचा उजवा खांदा आता वर जात नव्हता, म्हणून मुलगी उचलायची आणि काका बोट दाखवायचे, आणि नग बसला की तिथे खडूने त्याचं नाव लिहायचे. जड ते खाली आणि सीटच्या पाठीशी. काच उभी, आडवी कधीच नाही. दोन पेट्यांच्या मध्ये वह्या, म्हणजे वह्याही जातात आणि पेट्याही एकमेकींना धक्के मारत नाहीत.

“स्टुलाची चाकं वर कर. चाक खाली ठेवलंस की ते फिरणारच, त्याचा धर्मच तो.”

“डॉक्टरांना खरं वाटत नव्हतं,” मुलगी स्टूल उलटं करत म्हणाली. “म्हणाले, एवढ्याशा गाडीत निम्मंही मावायचं नाही. मी म्हटलं, माझे बाबा लावणार आहेत.”

“आणि मग?”

“म्हणाले, बाबा काय करतात? मी सांगितलं, ट्रकमध्ये माल लावायचे. चौतीस वर्षं. त्यांच्या हातून एक पेला फुटलेला नाही.”

काका ट्रेच्या दोरीची गाठ बघायला लागले. ती शाळेत असताना तिच्या फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ या ओळीत त्यांनी दरवर्षी स्वतःच्या हाताने ‘ट्रान्सपोर्ट’ असं लिहिलं होतं. पोरीला चारचौघांत खाली बघायला लागू नये म्हणून. आणि आज तिने दवाखान्यात, मोठ्या डॉक्टरांसमोर, स्पष्ट सांगून टाकलं. त्यांची छाती अशी भरून आली की गाठ दोनदा चुकली.

“पेला नाही, पण एक बरणी फुटली होती,” ते म्हणाले. “खोटं नको.”

चार वाजता सगळं खऱ्या गाडीत चढलं. यंत्राच्या पेट्या, टेबल, ट्रे, सगळं जिथल्या तिथे. शेवटी उरली होती पडद्यांची गुंडाळी आणि थंड पेटी. त्या दोन्ही सीटच्या पायथ्याच्या खोलगट जागेत अशा जाऊन बसल्या, जणू माप घेऊनच शिवल्या होत्या. काकांनी तळवा लावून दाबलं. काही हललं नाही.

“गच्च!”

बायकोने दारातून टाळ्या वाजवल्या. मुलगी मात्र मागचं दार उघडून खाली वाकली होती आणि काहीतरी शोधत होती.

“बाबा, इथे एक जाळी होती.”

“होती की. सीटच्या पायथ्याशी. झाकून टाकली, आता धूळही जाणार नाही.”

“बाबा, ती जाळी उघडी राहायला हवी.” तिचा आवाज खाली आला. “बॅटरीला तिथून हवा लागते. आत पंखा असतो, गाडी उभी असली तरी बंद केली नसेल तर तो फिरत असतो. हवा मिळाली नाही तर बॅटरी तापते. घाटात गाडी मध्येच दम टाकेल.”

काकाही वाकले.

“म्हणजे भोक ठेवायचं? लावलेल्या मालात?”

“हो.”

मोकळी जागा म्हणजे हलणारा नग, आणि हलणारा नग म्हणजे फुटणारा नग. हे त्यांनी कितीतरी नव्या माणसांना ओरडून शिकवलं होतं. आणि ही गाडी सांगत होती, की मला गच्च भरू नका, मला श्वास घेऊ द्या. काका पायरीवर बसले. त्यांना गाडीचा राग आला, मग स्वतःचा आला. जाळी दिसली होती आणि आपण विचारलं नव्हतं. मालाला विचारायचं नसतं, पण गाडीला विचारायला हवं होतं.

“किती जागा लागते तिला?” त्यांनी विचारलं.

“चार बोटं तरी.”

“कुणाची? तुझी की माझी?”

मुलगी हसली. काकाही हसले, आणि तेवढ्यावर त्यांचा राग ओसरला. “माझी धरू,” ते म्हणाले. “माझी जाड आहेत.”

पुन्हा सगळं खाली उतरलं. थंड पेटी कशीबशी ट्रेच्या शेजारी गेली, पण गुंडाळीला जागा मिळेना. तिरकी घातली तर यंत्राच्या डोक्यावर यायची. छतावर कॅरियर नव्हतं, आणि नुसत्या दोरीने बांधून घाटातून पाठवायचं काकांना मान्य नव्हतं.

“पडदे राहू दे,” मुलगी म्हणाली. “खिडक्यांना कागद लावीन.”

“कागदातून उजेड येतो. खोली अंधारी नसेल तर तुझ्या यंत्रातून दिसेल का नीट?”

तिने मान खाली घातली. म्हणजे दिसणार नव्हतं.

“जा, हातपाय धू. आईला चहा टाकायला सांग. मी बघतो.”

ती चहा घेऊन परत आली, तेव्हा काका दुखरा खांदा चोळत पुढचं दार लावत होते. ड्रायव्हरशेजारची सीट त्यांनी पार मागे रेलली होती आणि तिच्यावर पडद्यांची गुंडाळी लांबच लांब झोपली होती. वर सीटबेल्ट, पायाशी वह्यांचा गठ्ठा, कुशीला स्टँड. मागे जाळीसमोर मोजून चार जाड बोटं जागा मोकळी होती आणि ती तशीच राहावी म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना टेबलाच्या फळ्या उभ्या केल्या होत्या. फरशीवरच्या आखलेल्या गाडीत ‘मी’ खोडला होता, तिथे ‘पडदे’ लिहिलं होतं आणि जाळीच्या जागी चार बोटांचा चौकोन आखला होता.

“बाबा, तुम्ही कुठे बसणार?”

“माल लावणारा मालाबरोबर जात नसतो.”

“काहीतरीच काय! तुम्हाला यायचं होतं. अख्ख्या गल्लीला सांगितलंत.”

“गल्लीला काय, गल्ली विसरते.”

“मी पडदे काढते.” ती दाराकडे निघाली.

“हात लावायचा नाही!” काकांचा आवाज चढला. तो आवाज तिने आयुष्यात दोन-तीनदाच ऐकला होता. मग ते हळू झाले. “हे बघ, मला यायचं होतं. फार यायचं होतं, खोटं कशाला बोलू? पण मी लावलेल्या गाडीतून माल मागे राहिला, असं एकदाही झालेलं नाही. ते तुझ्या गाडीपासून सुरू करू नकोस.”

मुलीने आईकडे बघितलं. आई म्हणाली, “त्यांच्याशी वाद घालू नकोस, बाळा. लग्नाला झाली तितकी वर्षं मी घालून बघितला.” आणि पदराने डोळे पुसत आत गेली.

सकाळी सहाला मुलगी निघाली. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातलाच होता. प्रत्येक नगावर त्यांनी खडूने आकडा टाकला होता. तिने त्याच क्रमाने उतरवायचं होतं. एक नंबर पडद्यांचा, कारण आधी खोली, मग यंत्र. मुलगी गाडीत बसली, पुन्हा उतरली, त्यांच्या पाया पडली आणि परत बसली. काकांनी डिकीवर दोन थापा मारल्या आणि सवयीने इंजिनाच्या आवाजाची वाट बघत उभे राहिले. आवाज आलाच नाही. बॅटरीवरची गाडी मुकाट सुटली होती, आणि त्यांच्या लक्षात येईपर्यंत कोपऱ्यावर पोचलीही होती.

“अहो, तुम्ही जाणार होतात ना?” समोरून इस्त्रीवाल्याने विचारलं.

“जागा नव्हती,” काका म्हणाले. “असं लावलंय, की मलाच जागा उरली नाही!” आणि हे त्यांनी इतक्या ऐटीत सांगितलं, की इस्त्रीवाल्याला पुढे काय विचारावं ते सुचेना.

साडेनऊला फोन वाजला.

“बाबा, पोचले. गाडी घाटात एकदाही तापली नाही. आता उतरवते, मग बोलू.”

“थांब. फोन बंद करू नकोस. गाडीतच ठेव कुठेतरी. माझ्याशी बोलायचं नाही, नुसतं उतरव.”

“बरं,” ती म्हणाली.

काकांनी फोनचा आवाज मोठा केला, तो फरशीवर ठेवला आणि ओलं फडकं घेऊन आखलेल्या गाडीशेजारी मांडी घातली. सीटबेल्टची खटकी ऐकू आली. कापड घासल्याचा आवाज आला. एक नंबर. त्यांनी ‘पडदे’ पुसलं, त्याच्याबरोबर खाली खोडलेला ‘मी’ही गेला. मग स्टँड. मग थंड पेटीची कडी. ट्रे एकेक करून निघाले आणि सहाच्या सहा ट्रेंमधून एक चष्माही किणकिणला नाही. भिंगांची पेटी बाहेर आली तेव्हा काकांनी श्वास रोखला होता. पेटी उघडल्याचा आवाज आला, थोडा वेळ काहीच नाही, आणि मग मुलगी कुणाला तरी म्हणाली, “सगळी शाबूत आहेत.”

“बाई, हे एवढं सगळं या गाडीत होतं?” कुणा लहान मुलीचा आवाज.

“हो.”

“कुणी ठेवलं?”

“माझ्या बाबांनी. ते माल लावतात.”

काकांच्या हातातलं फडकं थांबलं. बायको मागे दारात येऊन उभी राहिली होती.

यंत्राच्या दोन पेट्या निघाल्या. शेवटी टेबल. एकोणीस. पावलं लांब गेली, पोरांचा गलका लांब गेला आणि मुलगी गाडी बंद करायला आणि फोन घ्यायलाही विसरली. काकांनी सगळं पुसलं होतं. फरशीवर फक्त गाडीची बाहेरची रेघ होती आणि आत, सीटच्या पायथ्याशी, चार बोटांचा एक लहानसा चौकोन.

फोनमधून बारीक आवाज येत होता. त्यांनी तो उचलून कानाला लावला. रिकाम्या गाडीत जाळीमागचा पंखा फिरत होता. काकांनी फडकं बाजूला ठेवलं आणि तो आवाज थांबेपर्यंत ऐकत बसून राहिले.