काकांची बातमी

घुमीला घुमी हे नाव साखरीनेच ठेवलं होतं, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. हॉस्टेलच्या एकाच खोलीत दोघी राहायच्या. ही दहा वाक्यं ऐकून एक बोलायची, ती एक ऐकून दहा. साखरीची जीभ गोड आणि हातही हलका. सुई बघून भोकाड पसरणारी पोरं तिच्याकडून मुकाट इंजेक्शन घ्यायची. पुढे दोघींना एकाच हॉस्पिटलात नोकरी लागली. केस पिकायला लागले तरी जोडी फुटली नाही. घुमीची आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा स्वतःची ड्युटी संपवून साखरी तिच्या उशाशी येऊन बसायची. असं माणूस सख्ख्या बहिणीहून जवळचं वाटतं. घुमीलाही वाटायचं.

त्यांच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर एक काका आले. जन्मभर बस चालवलेले, गडगडाटी हसणारे. सलाईन लावायला गेलं की म्हणायचे, "सिस्टर, सावकाश. पुढे गतिरोधक आहे." बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी नोकरीसाठी परगावी असायची, सुट्टीला यायची. तिचं सासर मात्र याच गावात.

तपासण्यांचे निकाल आले. डॉक्टरांनी काकांना एकट्याला बसवून खरं ते सांगितलं. आजार यकृतापर्यंत पोचला होता. आता त्रास कमी करता येईल, एवढंच. घुमी शेजारी उभी होती. डॉक्टर गेल्यावर काका तिच्याकडे वळले.

"सिस्टर, एक करा," ते म्हणाले. "रविवारी पोरगी येईल. हे तिला मी सांगणार. तोपर्यंत कुणी तिच्या कानावर घालायचं नाही. तिची आई गेली तेव्हा तिला शेजाऱ्यांकडून कळलं होतं. मी स्टेअरिंगवर होतो, घाटात. ते तिने मला अजून माफ केलेलं नाही."

"नाही कळणार, काका. माझा शब्द."

ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची सगळी हकीकत द्यावीच लागते. त्या दिवशी पुढची ड्युटी साखरीची होती. काकांच्या खाटेपासून लांब नेऊन घुमीने तिला निदान सांगितलं आणि वर बजावलं, "मुलीला ते स्वतः सांगणार आहेत. घरच्यांपैकी कुणापाशीही ब्र काढायचा नाही."

"अगं, मला काय शिकवतेस? पोटात राहील माझ्या."

राहिलं नाही. शनिवारी सकाळी घुमी काकांची चादर बदलत होती आणि दारातून मुलगी धावत आली. डोळे सुजलेले. मागोमाग सासूबाई, पदर तोंडाला लावून. "बाबा, यकृतापर्यंत गेलंय आणि तुम्ही मला फोनवर म्हणता साधी कावीळ आहे? पुन्हा तेच? या वेळीही मला परक्यांनीच सांगायचं?"

काकांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्या खांद्यावरून घुमीकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्या नजरेत राग नव्हता. उलट्या दिशेच्या गाडीत बसल्याचं उशिरा कळलेल्या प्रवाशासारखे ते बघत होते.

सासूबाई घुमीला कौतुकाने सांगू लागल्या, "तुमच्याच त्या गोड बोलणाऱ्या सिस्टर. आमच्या दोन घरं पलीकडे राहतात. अगदी देवमाणूस! म्हणाल्या, सुनेला बोलावून घ्या, उशीर नको व्हायला."

घुमीच्या हातातली चादर तशीच राहिली.

मुलगी थेट मेट्रनबाईंकडे गेली. माझ्या बापाचा आजार माझ्याआधी माझ्या सासूला कसा कळला, एवढंच तिने विचारलं. दुपारी मेट्रनबाईंनी दोघींना समोर उभं केलं.

साखरीने डोळ्यांत पाणी आणलं. "माझं चुकलंच, बाई. पण मला वाटलं घरी माहीत असेल. हिने मला गुप्त ठेवायचंय असं सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर मी बोलले असते का?"

घुमीने तिच्याकडे पाहिलं. साखरी मेट्रनबाईंच्या टेबलाकडे बघत होती. "मी सांगितलं होतं," ती म्हणाली. एवढंच. साक्षीला कुणी नव्हतं. शिवाय गोड बोलणाऱ्याचं खोटंही गोड लागतं. मेट्रनबाईंनी दोघींनाही समज दिली. साखरीला बोलण्याबद्दल आणि घुमीला न बोलण्याबद्दल!

कपडे बदलायच्या खोलीत घुमीने तिला गाठलं. "बोललीस ते एक वेळ समजू शकते. तुला दया आली असेल. पण खोटं का बोललीस?"

साखरी बुटाची नाडी बांधत राहिली. "पुढच्या महिन्यात इन्चार्जची जागा भरायची आहे. दोन पोरं शिकतायत माझी. तुझं काय गं? तुला कुठे काय व्हायचं होतं?"

बाण लागला तो इथे. इतकी वर्षं आपल्या गप्प बसण्याला जी मैत्रीण गुण म्हणायची, तिने आज त्याच गप्प बसण्याचा हिशेब धरून केसाने गळा कापला होता. ही काही बोलणार नाही, याची तिला खात्री होती.

घुमी वॉर्डात परत गेली. मुलगी खाली औषधं आणायला गेली होती.

"काका, शब्द मी दिला होता. तो मोडला."

"तुम्ही सांगितलंत?"

नाव तिच्या ओठांवर आलं होतं. सांगितलं असतं तर सुटली असती. पण याच वॉर्डात उद्या साखरीच काकांना औषध देणार होती. देणाऱ्या हातावरचा विश्वास उडाला तर या माणसाने झोपायचं कसं?

"आमच्याकडून गेलं," ती म्हणाली. "आम्हाला एकमेकींना सांगावं लागतं, काका. शब्द देतानाच ते तुम्हाला सांगायला हवं होतं. ती चूक माझी."

काका छताकडे बघत म्हणाले, "काय म्हणायचं ते मी ठरवून ठेवलं होतं हो. पहिलं वाक्य तर चार वेळा बदललं." मग कूस बदलून त्यांनी डोळे मिटले. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, तिनेही माफी मागितली नाही.

घुमी पुन्हा मेट्रनबाईंकडे गेली. बसायला सांगितलं तरी बसली नाही. "बाई, मी तिला नीट बजावलं होतं. ती खोटं बोलली. तुम्ही विश्वास ठेवा अथवा ठेवू नका, पण मी बोलले नाही असं उद्या कुणी म्हणायला नको." ही बाई एका दमात इतकं बोलते, हे मेट्रनबाईंनी कधी पाहिलं नव्हतं.

महिन्याभराने इन्चार्जची जागा साखरीलाच मिळाली.

काका तोवर होते. ड्युटी बदलताना घुमी साखरीसमोर उभी राहायची आणि वेदना किती, झोप किती, कोणतं औषध सोसत नाही, सगळं सांगायची. एक अक्षर गाळायची नाही. माणूस खाटेवर होता, त्याचा काय दोष?

"अशी किती दिवस परक्यासारखी वागणार गं?" एकदा साखरीने विचारलं. आवाज तोच, साखरेसारखा.

"त्यांना कुशीवर वळवताना डावा खांदा सांभाळा, सिस्टर," घुमी म्हणाली, आणि पर्स उचलून घरी गेली.