हात न लावलेला आवाज

दुखवटा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी मर्टल मावशीनं सकाळीच अंगणातून मला हाक मारली, "ए भाषा-केंद्रवाली! ती पर्थची पोरगी आज येणार ना? लवकर ये म्हणावं तिला. चहा झालाय."

मर्टल मावशी ही माझ्या आईची थोरली बहीण. बहिणींत सगळ्यांत धाकटी दोन वर्षांपूर्वी गेली. मी तिला धाकटीच म्हणते. नाव घ्यायला आता मुभा आहे, पण जीभ वळत नाही. माणूस गेलं की आमच्या आदिवासी लोकांत त्याचं नाव बंद, फोटो बंद, आवाज बंद, त्याची आवडती जागासुद्धा बंद. मोठी माणसं सांगतील तेव्हाच उघडायचं. काल त्यांनी सांगितलं, घराला ओल्या पाल्याची धुरी दिली आणि सगळं उघडलं.

मावशीला त्यातलं एकच हवं होतं. धाकटी जायच्या आधीच्या कोरड्या दिवसांत दोघी नदीच्या डोहावर मासे धरायला गेल्या होत्या. डोहावर पोचलं की आधी पाण्याला हाळी द्यायची, कोण आलंय ते सांगायचं, मगच गळ टाकायचा. धाकटीची हाळी पार पलीकडच्या काठाला जायची. मावशीनं ती आपल्या फोनमध्ये, मी काम करते त्या भाषा-केंद्राच्या अ‍ॅपवर रेकॉर्ड केली होती. धाकटीची नात केलिशा आजी गेल्यानंतर जन्मली. आज पोरीला पहिल्यांदा डोहावर न्यायचं होतं आणि पाण्याला तिची ओळख आजीच्या आवाजानं करून द्यायची होती.

"नुसती हाळी नाहीये हं त्यात," मावशी मला सांगत होती. "हाळी देते आणि लगेच माझ्यावर खेकसते. 'मर्टे, गळ कुठं ठेवलास गं म्हातारे!' तेपण ऐकवणार पोरीला. आजी कसली फटकळ होती ते कळू दे की!"

पर्थहून इंग्रिड आली. अ‍ॅप तिनंच बनवलेलं. गेलेल्या माणसाचं सगळं एकदम बंद करायची सोयही तिनंच त्यात केली होती, आम्ही मागे लागलो म्हणून. पोरगी तशी गुणाची, तोंडावर खोटं बोलता न येणारी. झाडाखाली बसून तिनं मावशीच्या फोनमधलं कुलूप काढलं. यादीत ते रेकॉर्डिंग दिसलं. तारीख होती, डोहाचं नाव होतं. मावशीनं केलिशाला मांडीवर ओढलं आणि अंगठा टेकवला.

काहीच नाही. पुन्हा टेकवला. 'फाइल सापडत नाही.'

इंग्रिडनं फोन आपल्या लॅपटॉपला जोडला. बघता बघता तिचा चेहरा उतरला.

"बोल की," मी म्हटलं. "दातखीळ बसली का?"

"फोनमध्ये अ‍ॅपला वेगवेगळ्या जागा मिळतात," ती खाली बघत म्हणाली. "अक्षर केवढं हवं, भाषा कोणती, असल्या आवडीनिवडींना एक. माणसाचं स्वतःचं जे असतं त्याला एक. आणि एक तात्पुरती, पुन्हा आणता येईल अशा सामानाची. रेकॉर्डिंग मी त्या तात्पुरत्या जागेत ठेवत होते. नेट मिळालं की ते केंद्राच्या संगणकावर पोचणार, तिथून केव्हाही परत आणता येणार, असं मी धरून चालले."

"मग आण की परत!"

"ते पोचलंच नाही. नेट मिळायच्या आतच तुम्ही बंद करायला सांगितलंत, तेव्हा पाठवणंही बंद झालं. माझ्या लक्षातच आलं नाही ते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मावशीला अक्षर मोठं लागतं, ते कुठं ठेवलंस?"

"पक्क्या जागेत."

"तारीख?"

"तीपण."

"आणि आवाज तेवढा तात्पुरता? शाब्बास! अक्षराचा आकार दोन वर्षं जिवापाड जपलास बये, आणि बाई घालवून बसलीस!"

मावशीनं मला हातानं गप्प केलं. तिचा आवाज चढला नव्हता. आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

"पण मी त्याला हात लावला नाही गं," ती इंग्रिडला म्हणाली. "एकदाही नाही. नातवंडांनी फोन फुटबॉलच्या व्हिडिओंनी ठासून भरला, भरू दे म्हटलं. पण ते अ‍ॅप मी कुणाला उघडू दिलं नाही. मग गेलं कसं?"

"फोन भरला की तो आपोआप तात्पुरत्या जागेतलं सामान काढून टाकतो," इंग्रिड म्हणाली. "जे खूप दिवस कुणी उघडलं नाही, ते आधी."

केलिशा चहाच्या किटलीचं झाकण मातीत घासत होती.

"म्हणजे मी एखादे वेळी चोरून ऐकलं असतं, तर राहिलं असतं?"

मी इंग्रिडकडे डोळे वटारले. तिचं लक्षच नव्हतं.

"बहुतेक," ती म्हणाली. "हो."

"किती वेळा अंगठा तिथपर्यंत न्यायचे मी," मावशी म्हणाली. "कुणी नसलं की काढून बसायचे. मग वाटायचं, नको, तिला तिकडं त्रास होईल, आपल्यापायी ती अडकून राहील. की मागं घ्यायचे."

इंग्रिडला रडू फुटलं. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि त्या जागी काय आलं ते सांगता येत नाही. मावशीनं केलिशाला उचलून कडेवर घेतलं, तिच्या हातातलं झाकण काढून किटलीवर ठेवलं आणि गाडीकडे निघाली. डोहावर तर जायचंच होतं. दोन पावलं गेली आणि मागं वळली.

"रडू नकोस," ती इंग्रिडला म्हणाली. "पण पोरी, राहिलं असतं का विचारलं तेव्हा तू 'नाही' म्हणायला हवं होतंस."