दोन मुठींची करवत

"करवत नही देऊ. काय करनं शे ते कर."

जीवरामने हे ओट्यावर बसून, तोंडात राखुंडी असताना सांगितलं. बोरीच्या काट्यांच्या कुंपणापलीकडे त्याचा थोरला भाऊ पितांबर उभा होता. वाटणीत घर, बैल, विहिरीची पाळी, सगळं वाटलं गेलं होतं. सरपणाची करवत एकच, म्हणून ती सामाईक राहिली होती. राहिली होती जीवरामच्या घरात.

"बापनी करवत शे ती. तुनी एकल्यानी नही."

"अन लगीनपत्रिकामा मनं नाव मामाना खाले छापं, तव्हय बाप कथा गयथा?"

थोरल्या पोरीचं, यशोदाचं लग्न आठवड्यावर आलं होतं. पत्रिकेत पोरीच्या मामाचं नाव वर आणि सख्ख्या काकाचं खाली छापलं गेलं होतं. चूक पितांबरची होती. ती त्याने कबूल केली नव्हती.

पितांबरच्या मागच्या अंगणात वाळलेल्या निंबाचं खोड आडवं पडलेलं होतं. दोंडाईच्याहून वऱ्हाड येणार, बट्टी गोवऱ्यांवर भाजली जाईल, पण वरणाच्या आणि शिऱ्याच्या पातेल्यांखाली जाड लाकूड पाहिजे. घरात होत्या त्या पऱ्हाट्या. कपाशीची ती काटकी दोन भाकरी होईपर्यंत जळते आणि राख होते. निंबावर कुऱ्हाड चालवून पाहिली, ती उडून परत येत होती.

"नवी आना," पितांबरची बायको लताबाई म्हणाली. "पन मी संगे येसू. तुमना एकल्यावर इसवास नही."

एरंडोलच्या बाजारात भिकमचंद शेठचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. शेठने दोन करवती गादीवर ठेवल्या. एक हातभर लांब, एका मुठीची. दुसरी पुरुषभर लांब, दोन्ही टोकांना लाकडी मुठी.

"हाई एक मूठनी द्या," लताबाई म्हणाली.

"ती सुतारनी," पितांबर म्हणाला. "आपले काय खिडक्या करन्या शेतस?"

"दुसरी मूठ कोन धरी? घरमा तुम्ही, मी अन दोन पोरी. त्यातली एक नवरी."

"गाव शे ना."

"गाव जीवरामभाऊनं शे."

शेठ मध्ये पडले. "पितांबरभाऊ, वहिनी बराबर बोलतात. एकहाती हळू चालते, पण कोणाची वाट पाहत नाही. मोठीला जोडीदार लागतो. आणि दोघांनी फक्त ओढायचं. एकाने जरी ढकललं तरी पातं वाकतं."

पितांबरने मोठीच्या पात्यावर टिचकी मारली. ती गुणगुणली.

"जीवरामनी करवत केवढी शे, शेठ?"

"तुमच्या वडिलांनी नेली ती? यापेक्षा वीतभर कमी."

"मंग हाईच बांधा."

लताबाई दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. परतीच्या एसटीत पोत्यात गुंडाळलेली करवत उभी धरावी लागली. कंडक्टर म्हणाला, हिचं तिकीट पडेल. "द्या हो," लताबाई नवऱ्याला म्हणाली, "अन बसाले जागा बी द्या. घरमा तिलेच मान शे."

दुसऱ्या दिवशी पितांबर दुसरी मूठ धरणारा शोधायला निघाला. तोताराम म्हणाला, "नाना, मनी कंबर धरेल शे." सकाळीच त्याने ज्वारीचं पोतं पाठीवरून घरात नेलेलं लोकांनी पाहिलं होतं. सुकदेव खरं बोलला.

"पेरनी तोंडवर उनी. बियानं सोसायटीमातून येस. सोसायटीना चेअरमन कोन?"

"जीवराम."

"मंग माले कसाले इचारतस, नाना?"

दुपारपर्यंत पितांबरने सगळी आळी पालथी घातली. कोणी लग्नाच्या आवतनाला निघालं होतं, कोणाला सुतक लागलं होतं. ऊन असं होतं की अंगणातली काळी माती भेगाळून तिच्यात बोट जात होतं. तो परत आला तेव्हा लताबाईने खोडाखाली दगड लावून ते उचलून घेतलं होतं, पात्याला रॉकेलचा बोळा फिरवला होता आणि दुसरी मूठ धरून ती उभी होती.

"धरा," ती म्हणाली.

त्याने धरली. पातं सालीत शिरलं, कडू वासाचा पिवळा भुसा पडू लागला. चार बोटं खोल गेलं असेल, तेवढ्यात कुंपणापलीकडून जीवरामचा आवाज आला. त्याच्या ओट्यावर पाच-सहा माणसं बसली होती. त्यांत तोताराम होता, कंबरेसकट.

"काय नाना! सालदारीन ठेवी का काय? वरीसना दोन लुगडा ठरनात का तीन?"

ओटा हसला. पितांबरचे कान तापले. त्याने मूठ सोडली, टोपी घातली आणि कोणाकडे न पाहता मारुतीच्या पाराकडे चालू लागला.

"ओ, पातं अडकी ऱ्हायनं!" लताबाई ओरडली. तो थांबला नाही. तिने एकटीने ओढून पाहिलं. लांब पातं लाकडात मधोमध वाकलं आणि झणझणलं. ओटा पुन्हा हसला.

तेव्हा कुंपणाच्या फटीतून मंदाबाई आली. मंदाबाई ही जीवरामची बायको. वाटणी झाल्यापासून दोघी जावा एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. तिने पदर कमरेला खोचला आणि रिकामी मूठ धरली.

"मी तुनाकरता नही उनू, अक्का."

"मंग कसाले उनी?"

"वऱ्हाड उपाशी ऱ्हायनं तं दोंडाईचाना लोक काय पितांबरनं नाव लेतीन? आडनाव लेतीन. ते मना पोरीनं बी शे, अन पुढला साल तिले बी उजवनं शे. ओढ."

पातं सुटलं. करवत चालू लागली. दोन ओंडके कापून पडले.

"ढकलू नको," लताबाई म्हणाली. "नुसती ओढ."

"माले नको शिकाडू. वाटनीना दिन पितळना हंडा तुना घरमा कोनी ओढा?"

"तो मना माहेरना शे."

"माहेरना, तं त्यावर सासूनं नाव कसं?"

"नाव तिनी नंतर टाकं. तिले दिसी त्या बठ्ठावर नाव टाकानी सवय व्हती. तुनावर बी टाकती."

ओट्यावर कोणीतरी हसलं आणि जीवरामकडे पाहून गप्प झालं. जिची ओढायची पाळी, तिने बोलायचं, असं आपोआप ठरून गेलं. विहिरीच्या पाळीतला पहाटेचा वाटा निघाला. मेलेल्या म्हशीचं खापर निघालं. कोणी कोणाच्या पोराला चोर म्हटलं होतं तेही निघालं. भुसा दोघींच्या घामावर चिकटून हात पिवळे झाले होते.

"मी बाळंत व्हती," मंदाबाई म्हणाली. "तू डिंकना एक लाडू देल नही."

"तू मांगा नही."

"बाळंतीन मांगस का?"

करवत मध्येच थांबली. लताबाईने पात्याकडे पाहिलं, मग जावेकडे.

"डिंकना डबाले सासूनी कुलूप लायेल व्हतं. तव्हय सांगती तं तू मानती का?"

"नही."

"आते मानस?"

"आते बी नही. ओढ."

ऊन कलल्यावर जीवराम ओट्यावरून उठला. बसलेली माणसं एकेक करून आधीच निघून गेली होती.

"मंदा, घर ये!"

"हाई ओंडकं व्हऊ द्या."

"भाकरी कोन करी?"

"पीठ डबामा शे. हात तुमले बी शेतस."

जीवराम आत गेला. त्याच्या घरातून भांडी आपटल्याचा आवाज आला, धूर काही निघाला नाही.

पितांबर दिवेलागणीला परत आला. अंगणात गुडघ्याएवढा ढीग पडला होता आणि खोड अर्ध्यावर आलं होतं. त्याने कुऱ्हाड घेतली आणि ओंडके फोडायला बसला. त्याला कोणी बस म्हटलं नाही, ऊठही म्हटलं नाही.

मंदाबाईने पदर सोडला, हात झटकले. तळव्यांना फोड आले होते.

"चहा टाकस," लताबाई म्हणाली.

"तुना घरनं पानी बी नको." ती कुंपणाच्या फटीपर्यंत गेली आणि तिथून मागे वळली. "सकाळ ऊन चढाना पहिले येस. मनं अजून बठ्ठं सांगनं व्हयनं नही."

"ये," लताबाई म्हणाली. "मनं तं सुरू बी व्हयनं नही."