चार पाण्यांचा खडा

सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला आणि घाटनांदूरच्या पलीकडच्या माळावरचा तो सहकारी साखर कारखाना हंगाम न घेताच बंद राहिला. ऊसच नाही तर गव्हाणीत काय टाकणार, बाभळी? कॉलनीतली माणसं एकेक करून पांगली. उरले दोघं. लॅबचे केमिस्ट सुग्रीवराव आणि लॅब झाडणारी सरूबाई. सुग्रीवरावांची बायको तीन वर्षांपूर्वी वारली होती, मूलबाळ नव्हतं. सरूबाईचा मुलगा सुरतेला गेला तो गेलाच. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोघं राहायचे, पण बोलणं काय, तर 'झाडलं का?' आणि 'झाडलं, सायेब.' आता याला शेजार म्हणायचं तरी कसं?

सुग्रीवराव बोलायचे ते एका बरणीशी. रसातली साखर तपासायला लॅबमध्ये रोशेल नावाचं मीठ लागतं; चिंचेला आंबट करणाऱ्या आम्लाचंच ते मीठ. पडून राहिलेल्या मिठाचं घट्ट द्रावण करून त्यांनी त्यात दोऱ्याला एक बारीक खडा टांगला होता. वरचं पाणी हळूहळू उडून जाईल तसा खडा वाढायचा. चार महिन्यांत तो अंगठ्याएवढा झाला, आणि इतका नितळ की त्यातून पलीकडचं घड्याळ वाचता यावं.

गंमत अशी, की त्या कोरड्या खड्यातही पाणी असतं. मिठाच्या एकेका घराला पाण्याचे चार कण, मोजून चार. त्या पाण्यातला हायड्रोजन आपल्या ऑक्सिजनला न सोडता शेजारच्या आम्लाकडं हात पुढं करतो, आणि त्या पकडीवर सगळी चिरेबंदी उभी राहते. पण पकड नाजूक. कोरड्या उन्हात ठेवा, पाणी सुटून जातं आणि खडा पिठासारखा पांढरा पडतो. सुग्रीवरावांना हे कुणाला तरी सांगावंसं फार वाटायचं. ऐकायला कोण होतं?

होता एक, शहादेव. औरंगाबादेत होस्टेलच्या एकाच खोलीत त्यांच्यासोबत राहिलेला, आता तिथंच प्रोफेसर. वडील गेले म्हणून सुग्रीवरावांनी एम.एस्सी. अर्ध्यात सोडलं, शहादेवनं पुरं केलं. 'सप्रेम जय भीम' घालून त्याचं पत्र आलं होतं: मुंबईच्या मोठ्या मशीनवर तीन दिवस मिळालेत, हायड्रोजन नेमका कुठं बसलाय ते दिसेल, पण मोठा नितळ खडा पाहिजे. सोमवारी घेऊन ये, लेखावर तुझंही नाव घालू. पस्तीस वर्षं दुसऱ्याच्या साखरेचे आकडे लिहिलेल्या माणसाला आपलं नाव छापलेलं बघायचं होतं. त्याहून जास्त, शहादेवशेजारी बसून पोटभर बोलायचं होतं.

शुक्रवारी कामासाठी बीडला जावं लागलं. निघताना सरूबाईला एवढंच म्हणाले, बरणी जपा. कसं जपायचं ते सांगितलं नाही. सांगायची सवयच नव्हती.

रविवारी दुपारी परतले. बरणी काठोकाठ भरलेली, आणि दोरा मोकळा. खडा विरघळून गेला होता.

त्यांचा आवाज त्या ओसाड कॉलनीत कधी नव्हे तो चढला. चार महिने गेले, सोमवार गेला, शहादेव गेला, तुम्हाला हात लावायला सांगितलं कुणी! सरूबाई पदर धरून ऐकत राहिली. मग हळू म्हणाली, "पाणी निम्म्याच्या बी खाली गेलं व्हतं, सायेब. ते तुमचं लई जिवाचं हाय म्हून घातलं."

पाणी कुठलं घातलं, ते विचारायच्या आधीच त्यांना आठवलं की गुरुवारपासून टँकर आला नव्हता. भिंतीपलीकडं तिची घागर पालथी होती. ओठ सुकून फुटले होते. सुग्रीवरावांना स्वतःची शरम वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी आपल्या माठातलं पाणी आणून तिच्यासमोर ठेवलं आणि तिथंच पायरीवर बसून चार पाण्यांची सगळी गोष्ट सांगितली. ती पाणी पीत ऐकत होती.

"म्हंजे त्यात पाणीच व्हतं की," ती म्हणाली. "मग माझं कामून न्हाई चाललं?"

एकदम ओतलं की घर मोडतं, एकेक करून आलं की बसतं, एवढंच त्यांनी सांगितलं.

शहादेवला कळवलं. उत्तर आलं नाही. मशीनचे तीन दिवस निघून गेले. टँकरच्या क्षारांच्या पाण्यानं बरणीत पांढरा गाळ धरला, तो गाळून त्यांनी बरणी पुन्हा पातळ फडक्यानं झाकून ठेवली. कुणासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दोन महिन्यांनी, निवृत्तीच्या आदल्या दिवशी, तळाशी ज्वारीच्या दाण्याएवढा खडा दिसला. त्यांनी सरूबाईला हाक मारली. तिला नावानं हाक मारायची ती पहिलीच वेळ.

तिनं वाकून बघितलं.

"ह्यात माझं बी आसंल का थोडं?"

सुग्रीवरावांनी उभ्या नोकरीत रजिस्टरला एक आकडा खोटा लिहिला नव्हता. त्यांनी मनात हिशेब केला, बरणीतलं आधीचं किती, घागरीतलं किती.

"निम्म्याहून जास्त तुमचंच आहे," ते म्हणाले.