आमच्या बाजूचं नाव

लग्न होऊन मी डोंगराच्या अलीकडे आले तेव्हा माझंही नाव बदललं आणि डोंगराचंही. आमच्याकडे माणसाला घराच्या नावाने ओळखतात. माहेरी मी नेस्ट गार्थ होते, इथे नेस्ट वेलिन झाले. त्याचं काही नाही, सगळ्याच बायकांचं होतं. पण ज्याला आम्ही ब्रिन आरोस, म्हणजे वाट पाहण्याचा डोंगर म्हणायचो, त्याला ही मंडळी व्होएल गोख म्हणत. म्हणजे तांबडा बोडका! इतक्या वर्षांत ते नाव मी एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. 'मागचा डोंगर' म्हणायचे.

गेल्या पानगळीत टेगिद आला. हा पोरगा गावोगाव फिरून डोंगरांची जुनी, खरी नावं गोळा करतो. शहरातून चढायला येणाऱ्यांच्या नकाशात कुणीतरी आमच्या डोंगराला 'बिस्किट हिल' छापलं होतं, त्यामुळे अख्खं गाव खवळलेलं. चॅपेलच्या मागच्या खोलीत चहा आणि मनुकांचा पाव ठेवला होता. टेगिदने नाव विचारलं आणि सगळे एका सुरात म्हणाले, "व्होएल गोख."

"ब्रिन आरोस," मी म्हटलं.

माझा नवरा ग्विलिम लगेच म्हणाला, "बायको पलीकडची आहे हो. तिकडे सदा धुकं. डोंगर कधी दिसतो याची वाट बघत बसायचे बिचारे."

सगळे खिदळले.

"तुम्हाला रोज दिसतो, म्हणून काय मोठा उजेड पाडलात?" मी म्हटलं.

टेगिद मात्र हसला नाही. "काकू, डोंगराला दोन बाजू असतात, तशी दोन नावंही असू शकतात. दोन्ही छापू. पण एकाच माणसाच्या शब्दावर आम्हाला छापता येत नाही. तिकडचं आणखी कुणी आहे?"

तिकडे तीन घरं होती, तिन्हींची छपरं कधीच बसली.

"एक भाऊ आहे तिला," ग्विलिम म्हणाला, आणि लगेच चहाच्या कपात बघू लागला.

इदवाल माझ्याहून खूप मोठा. मी तीन वर्षांची असताना तो हा डोंगर चढून अलीकडे बस पकडायला आला आणि इंग्लंडात मोटारींच्या कारखान्यात गेला. मेंढ्या कातरायच्या वेळी येतो म्हणाला होता. आला तो थेट आईच्या दफनाला, आणि त्याच संध्याकाळी परतला. तेव्हापासून आमचं बोलणं नव्हतं. मी त्याच्यावर चिडलेय असं सगळे म्हणतात. चिडलेच होते. पण दर नाताळला फोन वाजला की मी हातातलं टाकून धावायचे, ते कुणाला ठाऊक नाही.

"फोन करा," टेगिद म्हणाला. "फक्त नाव तुम्ही आधी सांगायचं नाही हं. त्यांच्याच तोंडून आलं पाहिजे."

घरी येऊन मी फोन लावला. पलीकडून इंग्रजीत एक म्हातारा आवाज आला.

"मी नेस्ट," मी म्हटलं.

आमच्या भाषेत, गंजल्या कडीसारखा कुरकुरत तो म्हणाला, "कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. एक विचारायचंय. आपल्या दारातून समोर डोंगर दिसायचा, त्याचं नाव काय रे?"

"एवढ्या वर्षांनी फोन करतेस आणि डोंगराचं नाव विचारतेस? डोकं फिरलंय का तुझं?"

"सांग ना."

"व्होएल गोख. दुसरं काय असणार?"

"नीट आठव. आपल्या बाजूचं नाव."

"अगं, तेच. बाबा, शेजारीपाजारी, सगळे तेच म्हणायचे. आईसुद्धा."

आईसुद्धा! आईच्या तोंडून मी कधी व्होएल गोख ऐकलंच नव्हतं. शेजारी मला कळायला लागण्याआधीच उठून गेले होते, आणि बाबा नुसतं 'वर' म्हणायचे. आई रोज संध्याकाळी दारात उभी राहायची. ब्रिन आरोसवर कुणी दिसतंय का बघ गं, तुझे डोळे चांगले आहेत, असं मला म्हणायची. मला वाटायचं, ते डोंगराचं नाव आहे.

"का विचारतेस?" इदवाल म्हणाला.

थाप मारता आली असती. नाही मारली. "आई त्याला ब्रिन आरोस म्हणायची. तू गेल्यानंतर."

तो म्हणाला, "पुन्हा म्हण."

"ब्रिन आरोस."

त्यानेही ते हळू म्हणून पाहिलं. दोनदा म्हटलं. "मला आता चढवणार नाही गं, नेस्ट बाख. जिन्यातसुद्धा धाप लागते."

नेस्ट बाख, म्हणजे चिमुकली नेस्ट. आईनंतर मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मला रडू आलं, आणि ते मी त्याला ऐकू दिलं.

आता ब्रिन आरोस म्हणणारी माणसं दोन झाली होती, टेगिदला हवी होती तेवढी. दुसऱ्या दिवशी तो उत्सुकतेने आला. "काय म्हणाले भाऊ?"

"व्होएल गोख," मी म्हटलं. "दोन्ही बाजूंनी तेच. तेवढंच छाप."

ग्विलिम माझ्याकडे बघतच राहिला. ते नाव त्याने माझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं होतं.

संध्याकाळी मी मागच्या दारात जाऊन उभी राहिले. इदवाल आता येणार नाही, हे पक्कं कळलं होतं.

"अगं, आत ये, गारठा पडलाय," ग्विलिमने आतून हाक मारली.

"येते," मी म्हटलं, आणि ब्रिन आरोसवर कुणी दिसतंय का ते बघत राहिले.