कापडाखालचं नाव

१९७६ साली कॅरिबियन समुद्रातल्या आमच्या कॅरियाकू बेटावर युरायसची नवी होडी पाण्यात उतरणार होती. होडीचं नाव तोवर कापडाखाली झाकलेलं असतं. लाजरे पुरुष मागणी घालण्याऐवजी तिथे मुलीचं नाव रंगवतात. माझं लंडनचं तिकीट सोमवारचं होतं.

"किती येरझाऱ्या घालशील गं, आयसोलीन?" मर्लमावशी म्हणाली.

"ऊन लागतंय."

"हो, त्या उन्हाचं नाव युरायस."

होडी उतरवायला तिच्या टेकूंवर कुऱ्हाडी पडल्या, ती कुशीवर कलली. पाद्रींनी पाणी शिंपडलं, कापड ओढलं. 'ऑगस्टा'. त्याच्या आईचं नाव.

युरायस माझ्याजवळ आला. "आई फेब्रुवारीत गेली ना. तिच्याआधी तुझं कसं लिहू? पुढची होडी तुझी."

"पुढची कधी?"

"चार वर्षं लागतील."

"तोंडाने विचारायला किती लागतात?"

तो वळून होडी ओढणाऱ्यांत जाऊन मिसळला. सोमवारी मी निघाले.

'ऑगस्टा'ने तीस वर्षं सिमेंट वाहिलं. मावशी टेकडीवरच्या दफनभूमीत आहे. युरायसने एका शिक्षिकेशी लग्न केलं. म्हणतात, तिनेच त्याला विचारलं. मी इस्पितळात नर्स म्हणून जन्म काढला आणि म्हातारपणी परतले. रविवारी चर्चबाहेर तो टोपी काढतो, बोलत मात्र अजून नाही.