रिकाम्या हॉलमधली परीक्षा

क्विन्सी बोडेनचा आणखी एक चेंडू बास्केटच्या रिंगवर आपटून बाहेर आला आणि संघाचे मॅनेजर हॅलोरनसाहेब हसले. "व्हर्निटा, हाच का तुझा हिरा?"

संघाच्या सराव हॉलमध्ये पोरगा समोर कुणी नसताना नेम धरत होता. ड्राफ्ट, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, आठवड्यावर आला होता. त्या रात्री कुठल्याच संघाने त्याचं नाव पुकारलं नाही, तर आपल्या गावी, गॅरीला परत जाऊन मामाच्या गॅरेजात टायर बदलायचे, दुसरं काही नाही. व्हर्निटा पोग या संघासाठी खेळाडू हेरायची. अख्खा हिवाळा तिने या पोराच्या मॅचेस पाहण्यात घालवला होता.

"हिरा राहू द्या," ती म्हणाली. "हा समोरच्याला जखडून टाकतो. इथे अडवणार कुणाला, भिंतीला?"

"अगं, उंची बघ. नेम बघ."

"सगळं बघितलंय. तुम्ही त्याच्यासमोर माणूस उभा करा, मग बोला!"

माणूस होता की! पलीकडच्या बास्केटखाली केड लिंडहोम होता, यंदाच्या नव्या पोरांमधला सगळ्यांचा लाडका. पण असल्या बड्या पोरांना त्यांचे एजंट कुणाशी भिडूच देत नाहीत. एकट्याने चेंडू टाकायचे, वाहवा मिळवायची आणि भाव टिकवायचा. संघही निमूट मान डोलावतात. मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात आणि यात फरक तो काय? व्हर्निटाला या रीतीची मनस्वी चीड होती.

तरी तिने केडच्या शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या एजंटला विचारलं, दोघांना भिडू देता का. एजंट म्हणाला, "शक्यच नाही."

मग क्विन्सीच तरातरा केडकडे गेला. "काय रे, पाणीसुद्धा याला विचारून पितोस का?"

केडचे कान लाल झाले. त्याने चेंडू उचलला.

तो डावीकडून निघाला, क्विन्सी समोर. उजवीकडे वळला, तर हा तिथेही हजर. चेंडू पुन्हा पुन्हा केडच्या हातातून जायला लागला तसा एजंट ओरडला, "बस्स! केड, बाहेर ये!"

"तू गप रे!" केड म्हणाला. पुन्हा भिडला आणि पुन्हा हात हलवत परत आला.

व्हर्निटाचा ऊर भरून आला होता, पण आवाज तिने चढाच ठेवला. "आता हसा ना, साहेब."

"आम्ही केडलाच घेणार," हॅलोरन तुटकपणे म्हणाले. "याला घेईल दुसरा कुणीतरी."

केड गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता. त्याने मान वर केली.

"दुसरा? साहेब, मला घेणार असाल तर यालाही घ्या. हा दुसऱ्या संघात गेला, तर दर हंगामात माझी हीच गत होणार."